दोरा तोडायचा नाही

धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवरच्या चामड्याच्या दुकानांमागे, एका बोळातली लोखंडी शिडी चढून मी माळ्यावर आले आहे. सोल्यूशनचा उग्र वास. काका मांडी घालून बसलेत. मूळचे कोल्हापूरचे, घरी चपला शिवण्याचं काम. समोरची पिशवी शिवून झाली आहे, पट्टा तेवढा राहिलाय.

पट्टा राजस्थानातून आलाय. उंटाच्या पाठीवरचं खोगीर आवळायला वाळवंटात बकरीच्या केसांचा तंग विणतात, त्याच विणीचा. याला माग लागत नाही. चार पदरांच्या, कडक पिळाच्या दोऱ्या घ्यायच्या. एकीचे पदर फाकवून त्यातून दुसरी ओढायची. प्रत्येक दोरीत दोन पदर काळे, दोन पांढरे. फाकवताना कुठला रंग वर ठेवायचा ते विणणारा ठरवतो आणि नक्षी उमटत जाते. पीटर कॉलिंगवुड या इंग्रज विणकरानं १९९८ मध्ये या एका विद्येवर अख्खं पुस्तक लिहिलं. पट्टा हातात घेतल्यावर त्याचं नवल वाटत नाही.

काका कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना मेणाचा दोरा करकचून गुंडाळतात, मगच रापी चालवतात. नाहीतर पीळ सुटेल. चामड्याची एक पट्टी कडीतून ओवून दुमडतात. तिची टोकं आतून तासून पातळ केली आहेत. दोन पदरांमध्ये तंगाचं टोक बसतं.

शेजारचा पोरगा पंच आणि हातोडी उचलतो.

"थांब रे! चामड्याला पाड भोक, पट्ट्याला नको. केस तुटले की तिथूनच उसवणार."

ते स्वतः आरी घेतात. टोक हलकेच फिरवत दोऱ्यांमधली फट शोधतात, दोरा बाजूला सारतात, पलीकडे निघतात. विणणाऱ्यानं दोरी फाकवली, हेही फाकवूनच जातायत. पिशवीचा सगळा भार इथेच येतो, आणि घाईच्या मालात नेमकं इथेच रिबिट ठोकून धागे तोडतात. ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.

एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया. दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून जायचं, मग दोन्ही हात फाकवून ओढायचं. एक टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. मशीनच्या टिपेत एक तुटला की पुढचे सैल पडत जातात. चौकोन होतो, मग त्यात फुली. शेवटी तीन टाके उलटे मागे, दोरा कापून वर हातोडीचा हलका ठोका. कडेला पॉलिश पेपर, थोडं पाणी, आणि लाकडानं घासून घासून आणलेली चमक.

काका कडीत पायाचा अंगठा अडकवून पट्टा जोरात खेचतात. टाके हलत नाहीत.

"दुसऱ्या टोकाला किती वेळ लागेल, काका?"

"याला लागला तेवढाच, ताई," म्हणत ते दोऱ्याला मेण लावायला घेतात.