कागदावर उमटलेली रेघ कुणाची?

नागपूरच्या रामदासपेठेत विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, दवाखाने आहेत, ऑफिसं आहेत. प्रिंट काढायला येणाऱ्यांची इथे कमी नाही. कुणाच्या हातात प्रबंधाचं सह्यांचं पान असतं, कुणाकडे लग्नाचा बायोडेटा. नाव, रास, शिक्षण यांच्यापुढची विसर्गासारखी टिंबं एका ओळीत यावीत म्हणून तो बायोडेटा टेबलात बसवलेला असतो. प्रिंट हातात येते तेव्हा स्थळ चौकटीत कोंडलेलं! ‘भाऊ, या रेघा छापून कशा आल्या?’ गिऱ्हाईक विचारतं. ‘फाइलमध्येच आहेत,’ असं दुकानदाराचं उत्तर येतं. बहुतेक वेळा ते खरं असतं.

गैरसमज : टेबलाच्या रेघा फक्त स्क्रीनवर दिसतात, छापून येत नाहीत.
वस्तुस्थिती : रेघा दोन जातींच्या असतात. ‘बॉर्डर’ ही खरी रेघ, ती छापली जाते. ‘ग्रिडलाइन’ ही शिंप्याच्या खडूच्या खुणेसारखी, टेबल कुठे आहे एवढं दाखवते आणि छापली जात नाही. वर्डमध्ये नवं टेबल घातलं की त्याला चहूबाजूंनी अर्ध्या पॉइंटची काळी बॉर्डर आपोआप लागते. ती काढली की उरतात त्या फिकट, तुटक ग्रिडलाइन्स. त्याही डोळ्यांना नको असतील तर टेबलाच्या ‘लेआउट’ टॅबमधलं ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ बंद करा. लिबरऑफिसमध्ये हीच सोय ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘टेबल बाउंड्रीज’ नावाने आहे. कोणती रेघ कोणत्या जातीची, याचा निवाडा कंट्रोल-पी दाबल्यावर होतो : प्रिव्ह्यूमध्ये दिसते ती छापली जाणार.

गैरसमज : एकदा ‘नो बॉर्डर’ केलं की सगळ्या रेघा जातात.
वस्तुस्थिती : कर्सर नुसता एका खान्यात असेल, तर तेवढ्याच खान्याची बॉर्डर जाते. आधी टेबलाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चार बाणांच्या खुणेवर क्लिक करून अख्खं टेबल निवडा, मग ‘बॉर्डर्स’मधून ‘नो बॉर्डर’ द्या. टेबलाच्या पोटात दुसरं टेबल असेल तर त्याच्यासाठी हेच काम वेगळं करावं लागतं. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरात असं पुष्कळदा आढळतं.

गैरसमज : रेघ अगदी बारीक केली की छापली जात नाही.
वस्तुस्थिती : एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरवर अर्ध्या पॉइंटच्या रेघेला साधारण चार ठिपक्यांची जाडी मिळते, तर पाव पॉइंटच्या रेघेला दोन ठिपक्यांची. ती फिकट दिसेल, पण उमटेल. रेघ नको असेल तर बारीक करू नका, काढून टाका.

गैरसमज : रेघेला पांढरा रंग दिला की काम झालं.
वस्तुस्थिती : पांढऱ्या कागदावर ती दिसत नाही, हे खरं. पण खान्यांना रंग भरलेला असेल तर तिथे पांढऱ्या फटी पडतात. शिवाय बॉर्डर फाइलमध्ये राहतेच. उद्या कुणी टेबलाची स्टाइल बदलली की ती पुन्हा वर येऊ शकते.

गैरसमज : टेबल नको असेल तर ते निवडून डिलीट दाबावं.
वस्तुस्थिती : वर्डमध्ये डिलीटने आतला मजकूर जातो आणि चौकट जागेवर राहते, म्हणजे नेमकं उलटं होतं. मजकूर ठेवून टेबल घालवायचं तर ‘लेआउट’मधलं ‘कन्व्हर्ट टू टेक्स्ट’ वापरा. बायोडेट्यासाठी मात्र टेबल राहू द्यावं आणि फक्त बॉर्डर काढावी. टेबल मोडलं तर ओळी पुन्हा वाकड्या होतात.

गैरसमज : प्रत्येक आडवी रेघ टेबलाचीच असते.
वस्तुस्थिती : सलग तीन हायफन टाइप करून एंटर दाबलं की वर्ड स्वतःहून पानभर रेघ ओढतं. ती परिच्छेदाची बॉर्डर असते, म्हणून माउसने पकडता येत नाही. रेघेच्या लगेच वरच्या परिच्छेदात कर्सर ठेवून ‘नो बॉर्डर’ द्या.

गैरसमज : रेघ आली म्हणजे प्रिंटर बिघडला.
वस्तुस्थिती : लेझर प्रिंटरच्या ड्रमवर ओरखडा पडला तर रेघ येते, पण ती कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने, प्रत्येक पानावर त्याच जागी येते. ती ओळी-खाने जुळवून चौकट आखत नाही. खात्रीसाठी दुसऱ्या फाइलचं एक पान छापून पाहा. तिथेही तीच रेघ असेल तर दोष यंत्राचा, नाहीतर आपल्या फाइलचा.

गैरसमज : पीडीएफमध्ये दिसते ती प्रत्येक रेघ छापली जाणार.
वस्तुस्थिती : बॉर्डर पीडीएफमध्ये जशीच्या तशी जाते. पण रंगीत खान्यांच्या मध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसत असतील आणि झूम केल्यावरही त्यांची जाडी तेवढीच राहत असेल, तर तो बहुधा स्क्रीनचा खेळ असतो. कागदावर त्या सहसा येत नाहीत.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरीच प्रिव्ह्यू पाहा, पीडीएफ करा आणि तीच फाइल न्या. आधी एकच प्रत काढून तपासा, बाकीच्या पन्नास नंतर.