पाण्याखालचा लेसर

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांतले कीडनाशकांचे अंश मास स्पेक्ट्रोमीटरने शोधतात. तिथे नमुना हाताशी असतो. शंका आली तर पुन्हा तपासावा. लेसरने ऑक्साइडच्या वडीवरून उडवलेल्या वाफेचं तसं नाही. अतिनील लेसरचा वीस-पंचवीस नॅनोसेकंदांचा स्पंद वडीवर पडला की वरचा पातळसा थर उडतो आणि अणू, आयन, इलेक्ट्रॉन यांचा झगझगीत लोळ समोर झेपावतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘प्लूम’च म्हणतात. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटरच्या घरात, म्हणजे मायक्रोसेकंदात सेंटिमीटरभर. समोरच्या तापलेल्या तबकडीवर तो पोचला की तिथे फिल्म जमते.

१९८७ साली अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीच्या प्रयोगशाळेत टी. वेंकटेसन यांच्या गटाने यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाच्या फिल्म अशा बनवल्या, तेव्हा सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं. तिन्ही धातूंचं प्रमाण वडीत होतं तसंच फिल्ममध्ये उतरलं होतं. वडी नुसती तापवून हे साधत नाही. प्रत्येक धातू आपापल्या तापमानाला उडतो.

खरी कटकट ऑक्सिजनची. तो कमी पडला की अतिवाहकता गेलीच. म्हणून कक्षात थोडा ऑक्सिजन सोडतात आणि मग प्लूमचं वागणंच बदलतं: तोंडाशी आघातलहर उठते, वेग मंदावतो. हे सगळं ओळखायचं लोळाच्या उजेडाच्या वर्णपटावरून. पहिले शंभरेक नॅनोसेकंद नुसता सलग प्रकाश. त्यातून आयनांच्या रेषा वर येतात, मग अणूंच्या, आणि लोळ निवू लागला की यिट्रियम ऑक्साइडसारख्या रेणूंचे पट्टे. कोणती रेषा कुठे, केव्हा उमटली यावरून वेग कळतो. धातूला ऑक्सिजन वाटेत भेटला का, तेही. तयार फिल्म तपासण्यापेक्षा हे काम अवघड, आणि मला विचाराल तर जास्त रंजकही.

बेलकोरच्या निबंधाआधी काही महिने, १९८७च्या जानेवारीत, पुणे विद्यापीठातल्या सतीशचंद्र ओगले, व्ही. जी. भिडे आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. त्यांनी लोखंडाचा पत्रा पाण्यात बुडवून त्यावर लेसर सोडला होता. पाण्याखाली लोळाला पसरायला जागा नाही. तो कोंडतो आणि क्षणात थिजतो. त्या घाईत एरवी न टिकणारं लोह-ऑक्साइड पत्र्यावर अडकून राहिलं, आणि त्यांनी ते गॅमा किरणांवर आधारलेल्या मॉसबाउअर तंत्राने ओळखलं. द्रवात लेसर सोडून नॅनोकण करणारे आपल्या पद्धतीचा इतिहास सांगतात तो या निबंधापासून.