मैफलीचा वेळ आणि मैफलीचा आवाज

संगीताची ध्वनिमुद्रणे आज कोणालाही, कोठेही आणि जवळजवळ फुकट ऐकता येत असताना माणसे घरातून उठून मैफलीला जातात, कारण गायक, साथीदार आणि श्रोते एकाच जागी आणि एकाच वेळी असताना जे घडते ते अन्यत्र घडत नाही. आणि मैफलीत होणारा मनस्तापही याच एकत्र असण्यातून निर्माण होतो. या दोन्ही गोष्टींचा विचार करण्यासाठी रत्नागिरी हे शहर फार सोयीचे आहे. जानेवारीत आर्ट सर्कल या संस्थेचा कला संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या प्रांगणात, उघड्या आभाळाखाली भरतो. खल्वायन ही संस्था अनेक वर्षे दर महिन्याला संगीत सभा भरवत आली आहे. नगर परिषदेच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकांचे प्रयोग होतात. खुले प्रांगण, मोठे बंदिस्त नाट्यगृह आणि मोजक्या श्रोत्यांची सभा असे तिन्ही प्रकार येथील रसिकाला आपल्याच गावात अनुभवता येतात, आणि कोणत्या जागेत गाण्याचे काय होते याची तुलनाही त्याला करता येते.

मैफलीतला आनंद नेमका कशात असतो, हे आधी पाहिले पाहिजे. ख्यालगायनात विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, कधी कधी पाऊण मिनिटापर्यंत लांबते. त्या अवधीत गायक रागाचा विस्तार करत जातो आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, बंदिशीचा मुखडा घेऊन येतो. सम कधी येणार हे तबलजीला ठाऊक असते आणि जाणत्या श्रोत्यालाही ठाऊक असते, मात्र गायक तिथे कोणत्या वाटेने पोहोचणार हे कोणालाच ठाऊक नसते, कदाचित गायकालाही नसते. ती वाट पाहण्यात सगळी सभा एकत्र गुंतलेली असते, आणि समेवर माना एकदम हलतात, तेव्हा गायकाला आपले म्हणणे पोहोचल्याची खूण मिळते. ही दाद ऐकून तो पुढच्या आवर्तनात अधिक धाडस करतो, एखादी जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो, कधी ठरवलेला राग बदलतो. ध्वनिमुद्रणात गाणे पूर्ण झालेले असते. मैफलीत ते होत असते आणि त्याच्या होण्यात ऐकणाऱ्याचा वाटा असतो. मैफलीची बाकी सारी गैरसोय सोसण्याजोगी ठरते ती एवढ्यासाठीच.

रत्नागिरीच्या श्रोत्याला हा वाटा उचलण्याची सवय शास्त्रीय संगीताच्या सभेने लावलेली नाही. ती त्याच्या आधीपासूनची आहे. या जिल्ह्यातील जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात, दोन पक्षांचे शाहीर ढोलकीच्या साथीवर एकमेकांना पदांतून सवाल घालतात आणि जबाब देतात, आणि भोवतालचे प्रेक्षक कोणाचा सवाल अडला, कोणाचा जबाब बसला याचा निवाडा तिथल्या तिथे आरडाओरड करून देतात. शिमग्यातील नमन-खेळ्यांत गण, गौळण, संकासूर आणि वग असा क्रम रात्रभर चालतो. कीर्तनात बुवांनी नाम उचलले की श्रोते गजर करतात. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने तर ‘वन्स मोअर’ देऊन पदे पुन्हा पुन्हा गायला लावली आणि बालगंधर्वांच्या काळात नाटके त्यामुळे पहाटेपर्यंत लांबली. संगीत नाटकाशी तर या गावाचे थेट नाते आहे: सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत, म्हणजे १९२४ ते १९३७ या काळात, ‘उःशाप’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ ही संगीत नाटके लिहिली. त्यांपैकी दुसरे १९३१ मध्ये दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. निःशब्द बसणे हीच ऐकण्याची एकमेव सभ्य रीत आहे, असे या भूमीने कधी मानले नाही. प्रत्येक गायनप्रकाराची शांतता वेगळी असते आणि गोंगाटही वेगळा असतो, हे ओळखणे महत्त्वाचे. जाखडीतला गलका तिथे हवाच असतो. तोच विलंबित ख्यालाच्या आलापात आला तर गाणे मोडते. किशोरी आमोणकर श्रोत्यांच्या शांततेबाबत किती कठोर होत्या हे सर्वश्रुत आहे आणि त्या कठोरपणाबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली, तरी त्यांची मागणी अवाजवी नव्हती, कारण त्यांच्या गाण्यात दोन स्वरांमधल्या अंतराला जितके मोल होते तितके स्वरांनाही क्वचितच असेल.

आता मनस्तापाकडे वळता येईल. त्यातला सर्वांत गंभीर भाग वेळेचा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. नियम योग्य आहे. आजारी माणसांचा, विद्यार्थ्यांचा आणि दमून आलेल्यांचा झोपेचा हक्क गाण्यापेक्षा मोठा आहे, हे रसिकांनीही मान्य करायला हवे. परंतु या नियमाचा परिणाम काय झाला हेही समजून घेतले पाहिजे. हिंदुस्थानी संगीतात दिवस-रात्रीचे आठ प्रहर कल्पिलेले आहेत आणि बहुतेक रागांना त्यांचा प्रहर नेमून दिलेला आहे. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले, तेव्हा मालकंस, दरबारी कानडा यांसारखे उत्तररात्रीचे राग आणि मग पहाटेचा ललत, सकाळची तोडी हे सारे आपापल्या वेळी ऐकायला मिळत. आता बहुतेक मैफलींना संध्याकाळी सहा-सात ते रात्री दहा एवढ्याच पट्ट्यात सगळे बसवावे लागते, त्यामुळे पूरिया, यमन, बिहाग, बागेश्री यांची पुनरावृत्ती होते आणि अनेक श्रोत्यांना तोडी समोर बसून ऐकण्याची संधी वर्षानुवर्षे मिळत नाही. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी सकाळचा प्रहर पुन्हा मिळवून दिला होता, पण त्यातले बरेचसे कार्यक्रम लोकप्रिय गीतांकडे आणि लांबलचक निवेदनाकडे झुकले.

जिथे वेळ असा मोजून मिळतो, तिथे तो दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार आणि मनोगते यांत खर्च होणे ही कायद्याने केलेली हानी नव्हे. ती संयोजकांनी केलेली हानी आहे आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. सातचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला आणि सत्कारात आणखी अर्धा तास गेला, तर दोन कलाकारांत वाटायला दोन तास उरतात. तबला-हार्मोनियम जुळवण्याचा वेळ वजा करता मुख्य गायकाला विलंबित ख्याल धड मांडता येत नाही, आणि मग तो मध्यलयीतील बंदिश, एखादे नाट्यपद आणि भैरवी असा आटोपशीर मार्ग पत्करतो. ज्यासाठी श्रोता आला, तेच नेमके कापले जाते. प्रायोजकाविना कार्यक्रम होत नाहीत, हे खरे आहे आणि त्यांचा गौरवही झाला पाहिजे. मात्र त्यासाठी मध्यंतर आहे, छापील पत्रिका आहे, सभागृहाबाहेरचा फलक आहे.

दुसरी हानी आवाजाची, आणि तिच्याकडे रसिकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी नाट्यगृहातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी गायक-नटांना उंच स्वरात आणि खुल्या आवाजात गावे लागे. मायक्रोफोनने त्यांना हळू गाण्याची, कुजबुजीइतका स्वर लावण्याची मुभा दिली, आणि गेल्या शतकातील भावपूर्ण गायकीचा मोठा भाग या मुभेवर उभा आहे. म्हणजे मायक्रोफोनचे मूळ काम हळुवार गोष्ट हळुवारच ठेवून दूरवर नेणे हे होते. आज अनेक कार्यक्रमांत त्याच्याकडून उलट काम घेतले जाते: तबल्याच्या बायाचा घुमारा छातीवर आदळेल इतका वाढवलेला असतो, हार्मोनियम गायकाच्या वर चढलेली असते, आणि तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे स्वराला येणारी भरीव, झिणझिणती आस) त्या गदारोळात नाहीशी होते. ती नाहीशी झाली की रागाची जमीनच गेली.

यामागचे ध्वनिशास्त्र कठीण नाही. खुल्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. त्यामुळे रंगमंचाजवळच्या दोनच मोठ्या कर्ण्यांनी मागच्या रांगेपर्यंत पोहोचायचे ठरवले, तर पुढच्या रांगेचे कान बधिर होणे अटळ आहे. मधल्या अंतरावर लहान कर्णे लावणे हा यावरचा उपाय, पण त्यालाही पथ्य आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून रंगमंचापासून ३४ मीटरवर तो एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. तारेतून जाणारा संकेत मात्र तत्क्षणी पोहोचतो. मधल्या कर्ण्याला तेवढा विलंब मुद्दाम दिला नाही, तर मागे बसलेल्याला प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो आणि द्रुत तानेतील दाणे एकमेकांत मिसळून जातात. बंदिस्त नाट्यगृहात आणखी एक अडचण असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून हे सिद्ध झाले की दालनात आवाज किती काळ घुमत राहील हे दालनाच्या आकारमानावर आणि आतील वस्तू किती ध्वनी शोषतात यावर ठरते, आणि माणसे व त्यांचे कपडे बराच ध्वनी शोषतात. म्हणूनच दुपारी रिकाम्या नाट्यगृहात बसवलेला आवाज रात्री भरलेल्या नाट्यगृहात तसा राहत नाही, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो पुन्हा बसवावा लागतो. गायक हाताने ‘माझा आवाज वाढवा’ अशी खूण करतो तेव्हा त्याला बहुधा स्वतःसमोरच्या मॉनिटरचा, म्हणजे रंगमंचाकडे तोंड केलेल्या कर्ण्याचा आवाज वाढवून हवा असतो. वाढतो मात्र सगळाच. मग मॉनिटरमधला आवाज मायक्रोफोनमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते.

प्रश्न केवळ अभिरुचीचाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. चार वाद्यांच्या शास्त्रीय मैफलीला त्याच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही.

समुद्रकाठच्या गावात हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. जानेवारीच्या रात्री उघड्या प्रांगणात दव पडू लागले की तबल्याची पुडी, जी बकऱ्याच्या कातड्याची असते, ओलावा शोषून सैल पडते आणि तबला उतरतो. दिव्यांच्या उष्णतेने तानपुऱ्याच्या तारा प्रसरण पावतात आणि त्याही उतरतात. हार्मोनियमच्या धातूच्या पट्ट्या मात्र त्या मानाने जागच्या जागी राहतात. त्यामुळे तबलजी हातोडीने गट्टे आणि गजरा ठोकत बसतो, गायक तानपुऱ्याच्या खुंट्या पिळतो, आणि काही श्रोते चुळबुळ करू लागतात. हा वेळ वाया जात नाही. षड्ज हळूहळू जमून येताना ऐकणे, दोन तानपुरे एक होतात तो क्षण ओळखणे, यात श्रोत्याचाही कान लागतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास उभारलेल्या त्या वास्तूसमोर, थंड हवेत, असे जमून येणे ऐकायला मिळते हे रत्नागिरीकरांचे भाग्य मानावे लागेल.

उरलेल्या तक्रारी लहान आहेत. वाजणारा भ्रमणध्वनी, त्याहून त्रासदायक असा चित्रीकरणासाठी डोळ्यांसमोर उंचावलेला उजळ पडदा, निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या आणि शेवटपर्यंत रिकाम्या राहिलेल्या पुढच्या रांगा, शेजाऱ्याला रागाचे नाव सांगणारा जाणकार: या सर्वांवर एका सूचनेने किंवा थोड्या संकोचाने उपाय होतो. समारोपाची भैरवी सुरू होताच उठणाऱ्यांबद्दल मात्र सरसकट राग धरू नये. पावस, लांजा, संगमेश्वर अशा ठिकाणांहून आलेल्या माणसाला घाटवळणांचा रस्ता आणि परतीच्या एसटीची वेळ यांचा विचार करावाच लागतो. ज्याची मोटार बाहेर उभी आहे आणि जो केवळ गर्दी टाळण्यासाठी उठतो, त्याने थांबावे.

मोठ्या महोत्सवांनी गावाला नामवंत कलाकार दिले आणि तरुण श्रोता आणला, हे ऋण मोठे आहे. तरीही मैफलीचे मूळ सामर्थ्य टिकून आहे ते शे-दीडशे माणसांच्या बैठकीत. तिथे ध्वनिवर्धक नाममात्र पुरतो किंवा लागतही नाही, गायकाला शेवटच्या रांगेतील चेहरा दिसतो, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या बंद सभागृहातील बैठकीला रात्री दहाचा नियमही आड येत नाही, त्यामुळे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग परत आणण्याची वाटही तिथूनच जाते. पुण्या-मुंबईच्या रसिकांना अशा बैठकी आता मुद्दाम शोधाव्या लागतात. रत्नागिरीत त्या अजून सहज घडतात. गावातील संस्थांनी वर्षातून एखादी तरी बैठक ध्वनिवर्धकाशिवाय आणि सत्काराशिवाय, पहाटे पाचला किंवा रात्री दहानंतर ठेवावी, आणि रसिकांनी तिला वेळेआधी येऊन बसावे.