संकेतस्थळाची नक्कल : वाचनप्रत आणि पुरावाप्रत

ग्रंथाचा आधार देताना तो ग्रंथ उद्याही एखाद्या ग्रंथालयात पाहावयास मिळेल, असे आपण गृहीत धरतो. संकेतस्थळाविषयी तसे धरता येत नाही. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेले जिओसिटीज हे स्थळ याहू या कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये तेथे बंद केले. हौशी लोकांनी रचलेली त्यावरील पृष्ठे आज जेवढी वाचावयास मिळतात, तेवढी इंटरनेट आर्काइव्ह, आर्काइव्ह टीम आदींनी मुदतीपूर्वी नकलून ठेवली म्हणूनच. आपल्या आधारस्थळांची प्रत संशोधकाने स्वतःजवळ ठेवावी, हे उघड आहे. ती कोणत्या प्रकारची असावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

एचटीट्रॅक किंवा डब्ल्यूगेट यांसारखी प्रणाली एका पृष्ठापासून आरंभ करते, त्यातील दुवे वेचते, प्रत्येक दुव्यामागील पृष्ठ उतरवून घेते आणि नेमून दिलेल्या पातळीपर्यंत हाच क्रम चालू ठेवते. एवढ्याने भागत नाही. उतरविलेल्या पृष्ठातील दुवे व चित्रांचे पत्ते बहुधा मूळ सर्व्हरचेच असतात. इंटरनेट तोडले की ते निरुपयोगी. म्हणून ते काढून त्या जागी आपल्या संगणकावरील फाइलींचे पत्ते घातले जातात. वाचनाची सोय होते, परंतु पाठ बदलतो. लेखनिकाने पोथी उतरताना सोयीसाठी शब्द फिरवावेत, त्यातलाच हा प्रकार; येथे हस्तक्षेप नियमबद्ध असतो, इतकेच.

पुराव्यासाठी वॉर्क हा फाइलप्रकार अधिक योग्य होय. २००९ साली तो आयएसओ २८५०० या क्रमांकाने प्रमाणित झाला. त्यात सर्व्हरचे उत्तर त्याच्या शीर्षनोंदींसह व प्रत घेतल्याच्या वेळेसह जसेच्या तसे राहते. दुव्यांची जुळणी वाचतेवेळी केली जाते. डब्ल्यूगेटला २०१२ पासून अशी फाइल तयार करता येते. तळटीप देणाऱ्याने हीच प्रत राखावी, असे माझे मत आहे.

तथापि दोन्ही प्रतींना एक मर्यादा समान आहे. ज्या पृष्ठाकडे दुवा जात नाही, ते प्रणालीस दिसत नाही. शिकागो विद्यापीठाच्या स्थळावरील मोल्सवर्थच्या मराठी कोशाचे शोधपृष्ठ उतरविले, तर शोधाची चौकट हाती येते. तीत शब्द लिहिल्यास उत्तर येत नाही, कारण उत्तर घडविणारी यंत्रणा सर्व्हरवरच राहिलेली असते. अशा ठिकाणी आवश्यक त्या नोंदी एकेक उघडून जतन कराव्या लागतात. म्हणून प्रत घेतल्यावर इंटरनेट तोडून ती एकदा वाचून पाहावी. मूळ स्थळ चालू आहे तोवरच राहिलेली पृष्ठे मिळविता येतात.