सोनेगावचा मध्यरात्रीचा टपालबाजार



वर्धा शहराला लागून सिंदी मेघे नावाचं गाव आहे. याच जिल्ह्यात, नागपूरच्या रेल्वेमार्गावर, आणखी एक सिंदी आहे. तिला सिंदी रेल्वे म्हणतात. पत्त्यावर नुसतं ‘सिंदी’ लिहून मोकळं झालं की पत्र कुठल्या सिंदीला पोचेल, ते देवच जाणे! वर्ध्याजवळच्या सेगावचीही हीच गत होती. गांधीजींची पत्रं चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जात, म्हणून 1940 साली सेगावचं सेवाग्राम झालं. पत्राचा प्रवास या मुलखाला असा नेहमीच जिव्हाळ्याचा. आज मी त्याच प्रवासातल्या एका मुक्कामाबद्दल सांगणार आहे. हा मुक्काम जमिनीवरचा खरा, पण तिथं टपाल आभाळातून येई, आणि तेही मध्यरात्री.

नागपूरच्या दक्षिणेला सोनेगावचा विमानतळ आहे. तो मुळात मुलकी वाहतुकीसाठी बांधलेला नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांच्या विमानदलासाठी तिथं तळ झाला. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा दुरुस्त करून लष्करी विमानांच्या वाटेवरचा थांबा म्हणून वापरण्यात आला. युद्ध संपलं आणि इंग्रजी विमानदल आपला पसारा आवरून निघून गेलं. मागे राहिली ती धावपट्टी, इमारती आणि मोकळं माळरान. असा तळ ओस पडला की त्यावर गवत माजायला फार दिवस लागत नाहीत. सोनेगावचं तसं झालं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे टपालाच्या पिशव्या.

झालं असं. युद्धानंतर ‘डाकोटा’ जातीची लष्करी विमानं ढिगानं विक्रीला निघाली आणि आपल्याकडच्या विमान कंपन्यांनी ती घेतली. दिवसा ही विमानं उतारू वाहत. रात्री ती नुसती उभी. इकडे मोठ्या शहरांतल्या पेढ्या आणि कचेऱ्या संध्याकाळी बंद होताना दिवसभराची पत्रं पेटीत टाकीत, आणि तीही रात्रभर पडून. रिकामी विमानं आणि पडून राहिलेली पत्रं यांची गाठ घालून द्यायची, एवढीच ती कल्पना. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, 1949 च्या जानेवारीअखेर, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून पत्रं, कार्डं आणि मनिऑर्डरी, जिथं वेळ वाचत असेल तिथं, जादा तिकिटाशिवाय विमानानं पाठवण्याची पद्धत आली. साध्या माणसाच्या साध्या पत्राला विमानात जागा मिळाली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली मोठी गोष्ट हीच.

पण मग नागपूरच का? गुरुजींनी वर्गात फळ्यावर चार ठिपके काढावेत: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. प्रत्येक शहर प्रत्येक शहराला जोडायचं म्हटलं तर सहा रेघा होतात. म्हणजे एका रात्रीत सहा दिशांना, आणि परतीच्या धरून बारा फेऱ्या. आता मधोमध नागपूर मांडा आणि चारी ठिपके फक्त त्याला जोडा. चारच रेघा! चार गावांची माणसं मधल्या गावच्या आठवडी बाजाराला जमतात, आपला माल देतात, दुसऱ्याचा घेतात आणि घरी परततात, अगदी तसंच. रात्री चार शहरांतून चार विमानं निघत. प्रत्येकात उरलेल्या तीन शहरांच्या पिशव्या असत. तीन-चार तासांत ती सोनेगावला उतरत. तिथं पिशव्यांची अदलाबदल होई, विमानं आपापल्या गावी परत फिरत आणि सकाळी टपाल दारोदार वाटायला तयार असे. चार विमानं, प्रत्येकी तीन वाटे, म्हणजे बारा वाट्यांची देवघेव. मुलांना हा हिशोब घालून पाहा, त्यांना मजा वाटेल.

या बाजारात एक खोट मात्र होती. एका बाजूचं वऱ्हाड उशिरा आलं की मंगलाष्टकं खोळंबतात ना? तसं एक विमान धुक्यात किंवा पावसात अडकलं, की बाकी तिघांनी थांबायचं तरी, नाही तर त्याचं टपाल सोडून निघायचं तरी. आणि रात्रीचं उड्डाण म्हणजे पोरखेळ नव्हे. या विमानांतून थोडे उतारूही जात. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री मद्रासला निघालेलं डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळलं. तेराजण दगावले, वैमानिक तेवढा वाचला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला खाजगी कंपन्यांचा कारभार सरकारी इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आला होता. अपघात झाला तरी सेवा चालूच राहिली, आणि पुढे मोठी विमानंही या कामाला लागली.

आता, खेड्याला यातून काय मिळालं, हा प्रश्न तुम्ही विचाराल, विचारायलाच हवा. सिंदी मेघेचं नागपूरला जाणारं पत्र पूर्वीसारखंच आगगाडीनं जाई. त्याला विमानाचा काहीच उपयोग नव्हता. पण कलकत्त्याच्या गिरणीत कामाला गेलेल्या मुलाचं कार्ड किंवा मनिऑर्डर असेल, तर आगगाडीतला जवळजवळ एक दिवस वाचण्यासारखा होता. तो वाचलेला दिवस शेवटच्या टप्प्यात हरवतही असे. गावात डाकवाला आठवड्यातून दोनदाच येत असेल, तर विमानानं केलेली घाई पोस्टाच्या खणात पडून राही. विमान आलं तरी पायी चालणाऱ्या डाकवाल्याचं महत्त्व तसूभरही कमी झालं नाही.

ही सारी मांडणी एका काळापुरतीच होती. विमानं सावकाश उडत होती, त्यांच्या फेऱ्या थोड्या होत्या, तोवरच मधला बाजार फायद्याचा. पुढे जेट विमानं आली. मुंबईहून कलकत्त्याला ती थेट जाऊ लागली, दिवसाच्या फेऱ्याही वाढल्या, आणि टपाल त्यांच्याच पोटातून नेणं सोयीचं झालं. ऑक्टोबर 1973 मध्ये सोनेगावचा हा मध्यरात्रीचा बाजार उठला. त्या विमानतळाला आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे.