मत्स्यालयातील पाणवनस्पती पिवळ्या पडताहेत? आधी कारण ओळखा

शोभिवंत मासेपालनासोबत व्हॅलिसनेरिया, जावा फर्न यांसारख्या पाणवनस्पती वाढवता येतात. मात्र पाने पिवळी पडली की शेतातील सवयीने टाकीत युरिया टाकला जातो. त्यापासून तयार होणारा अमोनिया माशांना घातक ठरतो. पाण्याचा सामू ८ च्या पुढे असल्यास धोका अधिक वाढतो. माशांची विष्ठा व उरलेल्या खाद्यातून नत्र, स्फुरद बहुधा पुरेसे मिळते. कमी पडते ते पालाश, लोह किंवा कर्बवायू.

लक्षणे
• जुन्या पानांच्या कडा पिवळ्या, पानांवर छिद्रे : पालाशची कमतरता.
• नवीन पाने फिकट, शिरा हिरव्या : लोहाची कमतरता.

उपाय
• मत्स्यालयासाठीचे पालाश व चिलेटेड लोहयुक्त द्रवखत लेबलवरील मात्रेत द्यावे. पिकांचे सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण वापरू नये. त्यातील तांबे मासे व गोगलगायींना अपायकारक असते.
• प्रकाश दररोज सुमारे ८ तास द्यावा. जास्त दिल्यास शेवाळ वाढते.
• कर्बवायू पाण्यात हवेपेक्षा फार सावकाश पसरतो. त्यामुळे पाणी मंद हलते ठेवावे.
• तळाशी धुतलेल्या जाड वाळूचा ५ ते ७ सेंमी थर द्यावा. जावा फर्नचे आडवे खोड वाळूत पुरल्यास कुजते; ते दगडाला बांधावे.
• दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी २४ तास उघडे ठेवून वापरावे.

खराब झालेली जुनी पाने पुन्हा सुधारत नाहीत, ती काढून टाकावीत. उपाय लागू पडला की नाही, हे नवीन पानांवरून ठरवावे.