मोरसच्या बेटावर आठ दिवस

माझी आजी दुकानातल्या पांढऱ्या साखरेला अखेरपर्यंत 'मोरस'च म्हणत असे. चहात गूळ घालू की मोरस, हा तिचा पाहुण्यांना ठरलेला प्रश्न. हा शब्द मॉरिशस बेटाच्या नावावरून आला, एके काळी तिथली साखर बोटींनी मुंबईस उतरत असे, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. दुसरी गोष्ट त्याहूनही उशिरा कळली. पणजोबांचे एक चुलते रत्नागिरीहून मुंबईला आणि तिथून 'मोरसला' गेले, ते परतलेच नाहीत. त्यांचे नावही आज घरात कोणाला सांगता येत नाही. म्हणून २०२३ साली तिथे नोकरीस असलेल्या मामांनी आठ दिवसांसाठी बोलावले, तेव्हा समुद्रकिनाऱ्यांपेक्षा हेच माझ्या मनात अधिक होते.

किनारे सुंदर आहेत हे मात्र मान्य केले पाहिजे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान अशा या बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाचा बांध आहे. लाटा त्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत, हिरवट निळे राहते. दक्षिणेस ग्री-ग्री येथे हा बांध नाही. तिथे लाट थेट काळ्या कड्यावर आदळते, आणि मला तीच जागा अधिक आवडली. तो दगड पाहून घाटमाथ्याची आठवण होते, आणि ती उगीच नव्हे. भूशास्त्रज्ञ सांगतात की, पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा बाहेर आला, त्याच स्रोतावर पुढे मॉरिशस घडले. एकाच चुलीवरचे हे दोन घाणे! शामारेल येथील सप्तरंगी माती हीदेखील त्याच दगडाची झीज. लोह व ॲल्युमिनियम यांच्या संयुगांमुळे तिला तांबड्या-जांभळ्या छटा आल्या आहेत. तिची कीर्ती मोठी असली तरी जागा लहान, आणि तीही कुंपणाबाहेरून पाहावयाची.

मात्र बेटाचा खरा इतिहास उसाच्या शेतांत आहे. १५९८ मध्ये डच आले. ऊस आणि हरणे त्यांनीच जावाहून आणली. डोडो हा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१५ मध्ये फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. मालक बदलले, ऊस वाढतच गेला. आधी मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षापासून हिंदुस्थानातून कराराचे मजूर येऊ लागले होते. शेतांमधून दगडांचे मोठमोठे ढीग चौथऱ्यांसारखे रचलेले दिसतात. जमीन नांगरण्याजोगी व्हावी म्हणून हातांनी वेचून काढलेले हे दगड! प्रवासी मोटारीतून त्यांची छायाचित्रे घेतात. मी एका ढिगाजवळ उतरलो आणि एक धोंडा उचलून पाहिला. दोन्ही हातांनी जेमतेम गुडघ्यापर्यंत आला.

नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा सुळका आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आसरा घेत. मुक्तीची वार्ता सांगण्यास वर येणारे शिपाई आपल्याला धरावयास आले असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे लोक सांगतात. त्यांच्या वंशजांचे 'सेगा' हे गीतनृत्य हॉटेलांत करमणूक म्हणून दाखवतात. त्यात वाजणारे बकऱ्याच्या कातड्याचे 'रावान' आपल्याकडे डफ शेकतात तसेच विस्तवावर शेकून घेतात.

राजधानी पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट हे जागतिक वारसास्थळ जेमतेम सोळा गुंठ्यांचे आहे. १८४९ साली उभारलेल्या मजूर-छावणीचा हा उरलेला भाग. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता व मद्रासहून आलेली, मुंबईहून त्या मानाने थोडी, आणि त्या थोड्यांत आपली मराठी माणसे. त्यांच्या वंशजांची रोजची भाषा क्रिओल आहे, तरी शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. रस्त्यावर 'धोल पुरी' मिळते. डाळीचे सारण भरलेली ही पोळी म्हणजे गुळाविना पुरणपोळीच म्हणा ना!

घाटाच्या दगडी पायऱ्यांवर मी बराच वेळ उभा होतो. उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि तो नोंदवहीत चढे. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. पण शोध घ्यायचा तर निदान नाव, गाव एवढे तरी हवे. मामांनी माझ्याकडे पाहिले. मला गाव सांगता आले, नाव नाही.

परत आल्यावर वडिलांनी जमिनीचे जुने कागद बाहेर काढले. एका फेरफारात 'परागंदा' असा शेरा मारून एक नाव कमी केलेले सापडले आहे. शाई पुसट आहे, पण वाचता येते. ते मामांना कळवले आहे.